फेकणाऱ्याचा हात, झेलणाऱ्याचे पाय

१९६९ साली ग्रेग कुक नावाचा तरुण क्वार्टरबॅक अमेरिकन फुटबॉलमधल्या सिनसिनाटी बेंगाल्स या संघात आला. हातात विलक्षण ताकद. त्याने चेंडू लांबवर फेकायचा आणि पुढे सुसाट पळणाऱ्याने तो गाठायचा, असा खेळ त्याच्याभोवती उभा राहिला. त्याच हंगामात त्याचा खांदा दुखावला आणि ती दुखापत त्याची कारकीर्दच घेऊन गेली. पुढच्या वर्षी त्याच्या जागी व्हर्जिल कार्टर आला. कार्टरचा हात कुकच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. पण तो झटकन विचार करायचा, पायांनी चपळ होता आणि जवळचा पास बिनचूक टाकायचा. मुख्य प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्या हाताखाली पासिंगचा खेळ बिल वॉल्श सांभाळत होते. कार्टरचा कुक करण्याच्या खटपटीत ते पडले नाहीत. त्यांनी मैदानाची लांबी बाजूला ठेवली आणि रुंदी वापरायला घेतली. आखूड पास, ठरलेल्या पावलाला सुटणारे, आडव्या धावणाऱ्या गड्याच्या थेट हातात जाणारे. स्थापनेनंतरच्या तिसऱ्याच हंगामात बेंगाल्सनी आपला विभाग जिंकला आणि १९७१ मध्ये यशस्वी पासांच्या टक्केवारीत कार्टर सगळ्या लीगमध्ये पहिला आला. ‘वेस्ट कोस्ट ऑफेन्स’ या नावाने पुढे जगभर गाजलेली पद्धत अशी एका दुखावलेल्या खांद्यातून आणि एका साधारण ताकदीच्या हातातून जन्माला आली.

हा इतिहास आधी सांगण्याचे कारण आहे. तरुण क्वार्टरबॅकसाठी वाइड रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा गडी, निवडताना संघांचे व्यवस्थापक, प्रशिक्षक आणि चाहतेही बहुधा एकच प्रश्न विचारतात: उपलब्ध असलेल्यांत सर्वांत चांगला रिसीव्हर कोण? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. या मुलाच्या हातातून कोणता चेंडू आपसूक चांगला जातो, हा पहिला. तो डावीकडे चांगला फेकतो की उजवीकडे, मध्यभागी की कडेला, रिसीव्हर मोकळा झालेला दिसल्यावर फेकतो की मोकळा होण्याआधीच? याची उत्तरे मिळाल्याखेरीज रिसीव्हरची यादी उघडूच नये. पुढच्या प्रकरणांत याच दृष्टीने एकेका जोडीचा विचार केला आहे. त्याआधी पायाच्या काही गोष्टी सांगतो.

मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडे जास्त रुंद. एका बाजूला ११ खेळाडू. चेंडू मागे क्वार्टरबॅककडे येतो आणि त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी समोरच्यांना थोपवून धरतात. ही फळी फुटण्याआधी, साधारण अडीच-तीन सेकंदांत, चेंडू हातातून सुटावा लागतो. तेवढ्या वेळात रिसीव्हर आपापल्या ठरलेल्या वाटांनी, म्हणजे ‘रूट’नी, धावतात. ‘एक्स’ या जागेवरचा रिसीव्हर चेंडू ठेवतात त्या रेषेवरच उभा असतो, त्यामुळे समोरचा कॉर्नरबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, त्याच्या छातीला हात लावून त्याला पहिल्या पावलाला अडवू शकतो. तिथे अंगात बळ आणि हातांची झटापट जमणारा माणूस हवा. दुसऱ्या बाजूचा ‘झेड’ रेषेच्या एक पाऊल मागे असतो, चेंडू सुटण्याआधी त्याला इकडून तिकडे हलवता येते आणि त्यामुळे तो धक्क्यातून वाचतो. ‘स्लॉट’मधला आतल्या बाजूला उभा राहतो, त्याला डावी-उजवी दोन्हीकडे वळायला जागा असते, म्हणून तिथे बुटका पण भिंगरीसारखा वळणारा गडी चालतो. हे तिघे तीन वेगवेगळे धंदे करतात. आपल्याला तिघेही ‘रिसीव्हर’ म्हणून एकाच यादीत दिसतात आणि घोळ तिथेच सुरू होतो.

हाताचेही तसेच. मैदानाच्या मधोमध असलेल्या खुणांपासून पलीकडच्या कडेला दहा-बारा यार्डांचा ‘आउट’ रूट टाकायचा तर कागदावर फायदा दहा-बारा यार्डांचा दिसतो, पण चेंडू हवेत त्याच्या दुपटीहून जास्त अंतर कापतो. हात कमी पडला की कॉर्नरबॅक मध्ये येऊन चेंडू पळवतो (हेच ‘इंटरसेप्शन’) आणि त्याच्यापुढे रिकामे मैदान असते. कॉलेजच्या मैदानावर या दोन खुणांमध्ये ४० फुटांचे अंतर असते, व्यावसायिक मैदानावर फक्त साडेअठरा. कॉलेजात जवळच्या कडेला मारलेले आउट पाहून एखाद्या मुलाच्या हाताची तारीफ होते; व्यावसायिक मैदानावर ती जवळची बाजू राहिलेलीच नसते. चित्रफीत पाहताना चेंडू कोणत्या खुणेवरून निघाला हे टिपून ठेवणारा निरीक्षक मला मोठा जाणकार वाटतो.

आता बफेलोकडे येतो, कारण या विषयाचा सगळा धडा तिथे एका संघाच्या तीन वर्षांत सापडतो. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले खेळाडू संघांनी क्रमाने निवडण्याच्या फेरीत, बफेलो बिल्सनी सातव्या क्रमांकावर जॉश ॲलनला घेतले. वायोमिंगसारख्या फारशा चर्चेत नसलेल्या कॉलेजातून आलेला, साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा, तोफेसारख्या हाताचा मुलगा. पण अचूकता बेभरवशाची. पहिल्या हंगामात त्याचे ५२.८ टक्के पास पूर्ण झाले. १० टचडाउन आणि १२ इंटरसेप्शन. अशा फेकणाऱ्यासाठी रूढ सल्ला ठरलेला असतो: उंच, लांब हातांचे रिसीव्हर आणा, म्हणजे चेंडू हातभर इकडेतिकडे गेला तरी ते ओढून घेतील. बफेलोकडे तसा रिसीव्हर होताही. केल्विन बेंजामिन, सहा फूट पाच इंच, वजनाने भारदस्त. तो ॲलनच्या आधीपासून संघात होता. उपयोग झाला नाही आणि हंगाम संपण्याआधीच संघाने त्याला मोकळे केले.

असे का व्हावे? उंच पण संथ रिसीव्हर बचावपटूपासून सुटत नाही. तो कायम झटापटीत असतो, त्यामुळे त्याच्याकडचा प्रत्येक पास अरुंद फटीतून न्यावा लागतो. म्हणजे ज्याची अचूकता कच्ची, त्याच्याचकडून आपण सर्वांत जास्त अचूकता मागतो. लांब हात चुकलेला चेंडू वाचवतात हे खरे, पण तो चुकण्याची शक्यताही त्या गर्दीमुळेच वाढते. कच्च्या अचूकतेच्या मुलाला उलट मोकळा झालेला माणूस हवा. आसपास तीन यार्ड कोणी नसेल तर चेंडू थोडा मागे पडला, थोडा उंच गेला, तरी झेल होतो.

२०१९ मध्ये बफेलोच्या व्यवस्थापनाने नेमके हेच केले. जॉन ब्राउन आणि कोल बीझली या दोघांना त्यांनी करारबद्ध केले. दोघेही सहा फुटांच्या आतले. ब्राउन वेगवान, खोलवर पळणारा. ॲलनच्या हाताची खरी ताकद त्याच्यामुळे बाहेर आली, कारण बचावाला मागे सरकून उभे राहावे लागले. बीझली पाच फूट आठ इंचांचा, स्लॉटमधला, दोन पावलांत वळून मोकळा होणारा. ॲलनवर धावून कोणी आले की त्याला तत्काळ दिसेल असा माणूस मधोमध हवा होता, तो मिळाला. ब्राउनने त्या हंगामात १०६० यार्ड कमावले, बीझलीने ६७ झेल घेतले आणि ॲलनची टक्केवारी ५८.८ वर गेली. इंटरसेप्शन १२ वरून ९ वर आली.

मग मार्च २०२० मध्ये मोठा डाव टाकला. ड्राफ्टमधली २२ व्या क्रमांकाची निवड आणि आणखी तीन निवडी देऊन मिनेसोटाकडून स्टेफॉन डिग्जला आणले. डिग्ज ना सर्वांत उंच, ना सर्वांत वेगवान. त्याची विद्या रूट धावण्याची: बचावपटूचे वजन चुकीच्या पायावर आणायचे आणि त्याच क्षणी वळायचे. त्या हंगामात डिग्जने १२७ झेल आणि १५३५ यार्ड मिळवले. दोन्हींत तो लीगमध्ये पहिला. ॲलनचे ६९.२ टक्के पास पूर्ण झाले, ३७ टचडाउन झाले आणि संघ १३ सामने जिंकून कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला.

या यशाचे सगळे श्रेय रिसीव्हरना देणे अन्याय होईल. ॲलनने आपल्या फेकीच्या तंत्रावर अपार कष्ट घेतले, आक्रमणाचे प्रशिक्षक ब्रायन डेबॉल यांनी खेळाची आखणी त्याला मानवेल अशी केली, पुढची फळीही बदलली. पण तंत्र सुधारायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्याला मोकळ्या माणसांनी दिला असे मी ठामपणे म्हणतो.

या सौद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिनेसोटाने त्याच २२ व्या निवडीवर जस्टिन जेफरसनला घेतले आणि तो त्याच्या पिढीतला सर्वोत्तम रिसीव्हर ठरला. मग बफेलो फसले का? मला तसे वाटत नाही. २०२० च्या ॲलनला तयार माणूस हवा होता. लय अजून बसायची असलेल्या तरुण गायकाच्या साथीला मुरलेला तबलजी बसवतात, तसे ते होते. नवखा रिसीव्हर कितीही गुणी असला तरी पहिल्या वर्षी तो स्वतःच शिकत असतो, आणि दोघे शिकाऊ एकमेकांच्या चुका ओळखू शकत नाहीत.

ही शेवटची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आजच्या खेळात पुष्कळ रूट पूर्ण ठरलेले नसतात. समोरचा बचाव माणसाला माणूस धरून खेळतोय की जागा धरून, हे धावता धावता ओळखायचे आणि त्यानुसार थांबायचे किंवा वळायचे, हे रिसीव्हरवर सोपवलेले असते. त्याच क्षणी क्वार्टरबॅकनेही तेच ओळखलेले असले पाहिजे, कारण चेंडू आधीच हवेत असतो. एकाने थांबायचे ठरवले आणि दुसऱ्याने पुढे फेकला, की चेंडू थेट बचावपटूच्या हातात. दूरचित्रवाणीवर दोष क्वार्टरबॅकच्या नावावर पडतो. प्रत्यक्षात कोण चुकले हे संघाच्या बैठकीतच कळते.

सिनसिनाटीने २०२१ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. आदल्या वर्षी पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या जो बरोचा गुडघा नोव्हेंबर २०२० मध्ये निकामी झाला होता, कारण पुढची फळी कमकुवत होती. पाचव्या क्रमांकाची निवड हातात होती आणि दोन नावे समोर: ओरेगॉनचा पेनेई स्यूअल, फळी सांभाळणारा टॅकल, आणि लुइझियाना स्टेटचा जमार चेस, बरोचा कॉलेजातला जोडीदार. २०१९ मध्ये या दोघांच्या संघाने पंधराच्या पंधरा सामने जिंकले होते, बरोने ६० टचडाउन पास टाकले होते आणि चेसने १७८० यार्ड घेतले होते. बरोची ताकद हाताच्या जोरात नव्हतीच. ती होती निर्णयात आणि धाडसात: माणूस अजून झाकलेला असताना, तो कुठे निसटेल ते ओळखून चेंडू तिथे ठेवण्यात. अशा फेकीला पलीकडे असा माणूस लागतो जो वळण्याआधीच जाणतो की चेंडू आपल्याकडे येतोय. सिनसिनाटीने चेस घेतला. पहिल्याच वर्षी त्याने १४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले आणि संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत, गेला.

पण फळीचे देणे चुकले नाही. त्या नियमित हंगामात बरो ५१ वेळा चेंडूसह जमीनदोस्त झाला, टेनेसीविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात ९ वेळा, सुपर बोलमध्ये ७ वेळा. लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध अखेरच्या डावात ॲरन डोनाल्डने त्याला गरकन फिरवले तेव्हा चेस पलीकडे मोकळा सुटत होता. सामना २३-२० असा हातचा गेला. तरीही मी ती निवड बरोबर मानतो. स्यूअल डेट्रॉइटकडे गेला आणि तिथे थोर टॅकल झाला, यात शंका नाही. पण बरोचा जो गुण दुसऱ्या कोणाकडे नव्हता, तो चेसविना अर्धाच वापरला गेला असता. मला खटकते ते एवढेच की, अशी निवड केल्यावर उरलेला पैसा आणि निवडी ताबडतोब फळीवर ओतायला हव्या होत्या.

सामर्थ्याला साजेशी माणसे आणण्याचीही एक हद्द असते. मायामीचा टुआ टॅगोवायलोआ डावखुरा. त्याचा चेंडू उलट्या दिशेने फिरत येतो, आणि रिसीव्हरच्या हातांना त्याची सवय करावी लागते. त्याचा हात फार जोरदार नाही, पण चेंडू विजेसारखा लवकर सुटतो आणि मध्यभागी अचूक पडतो. मायामीने त्याला दोन वेगवान माणसे दिली: २०२१ मध्ये अलाबामाचा त्याचा जुना सहकारी जेलन वॉडल, २०२२ मध्ये टायरीक हिल. वेगाने बचाव मागे सरकला, मधली जागा रिकामी झाली आणि तिथे टुआचा पास बिनचूक जाऊ लागला. हिलने २०२२ मध्ये १७१० यार्ड घेतले, २०२३ मध्ये १७९९. त्या वर्षी टुआ ४६२४ यार्डांसह लीगमध्ये पहिला होता. तरी डिसेंबर २०२२ मध्ये चार्जर्स संघाने मायामीच्या रिसीव्हरना पहिल्याच पावलांत धक्के देऊन वेळेची घडी विसकटली आणि टुआचे २८ पैकी फक्त १० पास पूर्ण झाले. सगळी माणसे एकाच गुणाची आणली की समोरच्याला एकच कुलूप तोडावे लागते. दोन वेगवानांच्या जोडीला झटापटीत टिकणारा एक दणकट गडी असता, तर ती रात्र वेगळी गेली असती असे माझे मत आहे.

कधी कधी योग्य उत्तर वाइड रिसीव्हर नसतेच. बॉल्टिमोरचा लमार जॅक्सन धावू लागला की बचावाची मधली ओळ पुढे झेपावते आणि तिच्या पाठीमागे मोकळे रान उरते. २०१९ मध्ये त्या रानात बॉल्टिमोरने टाइट एंड, म्हणजे फळीला लागून उभे राहून झेलही घेणारे गडी, उभे केले: मार्क अँड्र्यूज, हेडन हर्स्ट, निक बॉइल. संघात सर्वाधिक ८५२ यार्ड अँड्र्यूजचे होते आणि जॅक्सन एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्कीज ब्राउनला त्याच वर्षी पहिल्या फेरीत घेतले होते, पण त्याचे मुख्य काम बचावाला ताणून धरण्याचे होते. फिलाडेल्फियाचा जेलन हर्ट्स याच्या उलट. त्याचे उत्तम पास मैदानाच्या कडांना जातात. त्याच्यासाठी २०२१ मध्ये डेव्होंटा स्मिथ आला आणि २०२२ च्या ड्राफ्टच्या रात्री दोन निवडींच्या मोबदल्यात ए. जे. ब्राउन, कडेला अंगावर आलेल्या कॉर्नरबॅकलाही न जुमानणारा. फेब्रुवारी २०२५ मध्ये या तिघांनी सुपर बोल जिंकला.

उलट उदाहरण कॅरोलिनाचे, आणि ते मला फार लागते. २०२३ मध्ये पहिली निवड मिळवण्यासाठी त्यांनी शिकागोला जे दिले त्यात त्यांचा सर्वोत्तम रिसीव्हर डी. जे. मूरही होता. त्या निवडीवर ब्राइस यंग आला: पाच फूट दहा इंच उंच, अतिशय तल्लख, वेळेवर फेकणारा. त्याच्यासमोर मोकळे होणारे पाय फार थोडे उरले. तो ६२ वेळा पाडला गेला, संघ १५ सामने हरला, आणि शिकागोत मूरने १३६४ यार्ड घेतले. मुलगा मिळवण्यासाठी मुलाची शिदोरीच देऊन टाकली. २०२५ मध्ये आठव्या क्रमांकावर टेटाइरोआ मॅकमिलन घेतला तेव्हा कुठे त्याला हक्काचा माणूस मिळाला.

या घाईमागे पैसा आहे, तोही लक्षात ठेवावा. ड्राफ्टमधून आलेल्या क्वार्टरबॅकचा पहिला करार चार वर्षांचा आणि तुलनेने स्वस्त असतो. पहिल्या फेरीतल्याला संघ पाचवे वर्ष जोडू शकतो. खर्चाला लीगची कमाल मर्यादा असते. म्हणून रिसीव्हरवर सढळ हाताने खर्च करण्याची मुभा याच चार-पाच वर्षांत असते. त्यातली पहिली दोन वर्षे ‘आधी मुलगा कसा आहे ते पाहू’ म्हणत दवडणे मला अक्षम्य वाटते. माणसे न देता मुलाला पाहिले तर काय दिसणार?

मराठी वाचकाने हे का वाचावे? अमेरिकेत स्थायिक झालेल्या कित्येक मराठी घरांतली मुले शाळेच्या संघांत हा खेळ खेळतात आणि आई-वडील कडेला बसून नुसता आरडाओरडा ऐकतात. त्यांच्यासाठी तर हे आहेच. पण १६ ऑक्टोबर २०२३ रोजी ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले होते आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉलही घेण्याचा निर्णय तिथेच झाला. पाच-पाच जणांचा तो खेळ, धक्काबुक्कीविना. धिप्पाडांची फळी तिथे नाही. फेकणाऱ्याचा हात आणि झेलणाऱ्याचे पाय एवढ्यावरच सगळे अवलंबून. आपल्याकडच्या मुलामुलींना तो सहज खेळता येईल, आणि जो कोणी असा संघ बांधायला घेईल त्याला या पुस्तकातला प्रश्न पहिल्याच दिवशी भेटेल.

वाचकांना एक विनंती. पुढचे प्रकरण उघडण्याआधी एखादा पूर्ण सामना पाहा, आणि पहिला अर्धा तास चेंडूवरची नजर काढून एकाच रिसीव्हरवर ठेवा. तो कोणत्या जागेवर उभा राहतो, पहिल्या पावलाला कोण त्याला अडवते, वळताना तो किती मोकळा होतो, आणि चेंडू हातातून सुटला तेव्हा तो वळलेला होता की नव्हता, हे कागदावर टिपा. तो कागद जवळ ठेवून पुढची पाने वाचा.